चाकाची धांव

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवितो तिला मराठींत ‘धांव’ म्हणतात. चाकाचे पाटे आंवळून धरावयाचे आणि रस्त्यावरची झीज आपल्या अंगावर घ्यावयाची, हीं तिचीं दोन कामें. ‘टायर’ हा इंग्रजी शब्दहि मूळचा याच लोखंडी पट्टीचा; पुढें लोखंडाच्या जागीं रबर आलें, रबराच्या पोटांत हवा आली, परंतु नांव तेंच राहिलें. गाडी कितीहि मोलाची असो, जमिनीशीं तिचा जो कांहीं संबंध येतो तो या धांवेपुरताच. ताशीं दीडशें मैलांची प्रतिज्ञा करणारी मोटारहि अखेर हाताच्या पंजाएवढ्या चार ठिकाणींच जमिनीवर टेकलेली असते.

जुन्या काळच्या नामांकित स्पोर्ट्स मोटारी आज युरोप-अमेरिकेंत आणि कांहीं प्रमाणांत आपल्याकडेहि जिव्हाळ्यानें जपल्या जातात. त्यांचें इंजिन दुरुस्त करतां येतें, पत्रा ठोकून सरळ करतां येतो, कातडी बैठका नव्यानें शिवतां येतात. टायर मात्र कायमचा जपून ठेवतां येत नाहीं. तो झिजतो, आणि न झिजला तरी म्हातारा होतो. म्हणून अशा मोटारीच्या मालकास दर कांहीं वर्षांनीं एक प्रश्न नव्यानें सोडवावा लागतो : मूळ गाडीस होते तसेच टायर घालावे, कीं आजच्या विद्येनें सुधारलेले घालावे? हा प्रश्न वरवर पाहतां चैनीचा वाटेल. पण जुनी वस्तु जपणें म्हणजे नेमकें काय जपणें, आणि त्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या जिवानें द्यावी लागूं नये यासाठीं काय करावें, हे दोन गंभीर प्रश्न त्याच्या पोटांत आहेत. त्यांचें उत्तर टायराच्या इतिहासांतच शोधावें लागेल असें आम्हांस वाटतें.

हवेच्या टायराची कल्पना मोटारीपेक्षां जुनी आहे. गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति चार्ल्स गुडइअर यानें शोधून काढल्यावर थोड्याच वर्षांनीं, १८४५ सालीं, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. लंडनच्या रीजंट पार्कमध्यें त्याचे प्रयोगहि झाले. पण तो काळ घोड्यांचा होता, वेगाची निकड नव्हती, आणि कल्पना विस्मृतींत गेली. पुढें बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली व १८८८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. थॉमसनचा जुना कागद उजेडांत आल्यावर डनलॉप यांचा हक्क रद्द ठरला. पण धंदा तोंवर उभा राहिला होता. मोटारीस असे टायर लावून दाखविण्याचें धाडस फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं केलें. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतींत त्यांची गाडी वाटेंत पुनःपुन्हां पंक्चर होऊन मुदत टळल्यावर पोहोंचली. शर्यत हातची गेली. परंतु मोटार हवेवर चालूं शकते हें सिद्ध झालें.

त्यानंतर कित्येक दशकें ज्या रचनेचा अंमल चालला तिला क्रॉसप्लाय म्हणतात. रबराच्या आंत धाग्यांचे थर असतात; एका थराचे धागे तिरपे डावीकडे, तर त्यावरच्या थराचे तिरपे उजवीकडे. बाजेची वीण डोळ्यांपुढें आणली म्हणजे ही रचना सहज समजेल. तिच्या योगानें टायर चहूंकडून मजबूत होतो. परंतु चाक फिरतांना थर एकमेकांवर घासून तापतात, आणि वळणावर बाजूची भिंत वाकली कीं जमिनीवर टेकलेला भागहि तिच्याबरोबर मुरडतो. त्यामुळें अशा टायरांवरची गाडी वेगानें वळतांना बरीचशी बाहेरच्या अंगास सरकत जाते. मात्र हें सरकणें हळूहळू वाढतें आणि चालविणारास आगाऊ सूचना देतें. त्या काळच्या थोर शर्यतपटूंनीं या दोषाचीच कला केली. जुलै १९५७ मध्यें फ्रान्समधील रुआँ येथें हुआन मान्युएल फांजिओ याची मॅसेराटी चारी चाकांनीं सरकत वळणें घेत होती. तीं छायाचित्रें अजून कौतुकानें पाहिलीं जातात.

टायरांची निवड हा केवढा मोठा डाव असूं शकतो हेंहि फांजिओनेंच दाखविलें. ४ ऑगस्ट १९५७ रोजीं जर्मनींतील नुर्बुर्गरिंग येथें फेरारीच्या गाड्या न थांबतां सबंध शर्यत पुरी करणार होत्या. फांजिओनें टाकी निम्मीच भरली, मऊ रबराचे टायर चढविले, आणि हलक्या गाडीनें आघाडी घेऊन मध्यें एकदां थांबून टायर पालटावयाचे असा बेत केला. थांब्यावर अपेक्षेहून अधिक वेळ मोडला व तो पुष्कळच मागें पडला. मग फेरीमागून फेरी विक्रम मोडीत शेवटून दुसऱ्या फेरींत त्यानें पीटर कॉलिन्स व माइक हॉथॉर्न या दोघांस गांठून मागें टाकलें. त्या विजयानें त्याचें पांचवें जगज्जेतेपद निश्चित झालें.

परंतु त्याच वर्षाची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. १२ मे १९५७ रोजीं इटलींतील मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतींत गुइदिझ्झोलो गांवाजवळ आल्फोन्सो द पोर्तागो याच्या फेरारीचा टायर फुटला. तो स्वतः, त्याचा सोबती आणि रस्त्याच्या कडेस उभे असलेले नऊ प्रेक्षक प्राणांस मुकले. त्या नवांपैकीं पांच मुलें होतीं. एन्झो फेरारी यांच्यावर खटला झाला व १९६१ सालीं ते निर्दोष ठरले. सार्वजनिक रस्त्यांवरची ती शर्यत मात्र त्या स्वरूपांत कायमची बंद झाली. टायर हा केवळ गाडीवाल्याचा खासगी मामला नव्हे, हें त्या मुलांच्या मरणानें शिकविलें.

या सुमारास दुसरी एक रचना पुढें येत होती. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं पेटंट घेऊन १९४९ सालीं ‘मिशेलिन एक्स’ हा रेडियल टायर बाजारांत आणला. यांत धागे तिरपे न जातां एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, व जमिनीवर टेकणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत मऊ राहते आणि तळ सपाट राहतो. म्हणून टायर कमी तापतो, अधिक टिकतो व रस्त्यास अधिक धरून राहतो. इटलीच्या पिरेल्लीनें याच तत्त्वावर, पण कापडी पट्टा घालून, ‘चिंतुरातो’ तयार केला. तरीहि हा निव्वळ लाभ नव्हता. क्रॉसप्लायसाठीं बेतलेल्या गाड्यांस हा टायर मंद वेगांत खडबडीत वाटे. आणि त्याची पकड सुटली म्हणजे ती पूर्वीसारखी सवड न देतां सुटे. टायर बदलला म्हणजे गाडीचा स्वभावहि बदलतो.

उदाहरणादाखल जॅग्वारची ई-टाइप घेऊं. मार्च १९६१ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली तेव्हां तिच्या तारांच्या चाकांवर डनलॉपचे ६.४०-१५ मापाचे क्रॉसप्लाय टायर असत. पुढें त्याच गाडीवर १८५-१५ मापाचे रेडियल आले, आणि १९७१ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांहून रुंद व बसके टायर आले. तेव्हां ‘मूळचा टायर’ कोणता हें गाडीच्या नांवावरून नव्हे, तर तिच्या सालावरून ठरवावें लागतें.

निवडींत पहिला विचार मापाचा. पहिल्या आवृत्तीच्या ई-टाइपला उंच भिंतीचा १८५ रेडियल शोभतो, कारण त्याचा बाहेरचा घेर जुन्या टायराच्या घेराशीं जवळजवळ जुळतो. बसका टायर घातला तर घेर घटतो व वेगमापक खऱ्याहून अधिक वेग दाखवितो. फार रुंद टायरानें सुकाणूं जड होतें, आणि त्याच्या अधिक पकडीचा ताण चाकाच्या तारांवर पडतो. अशा चाकास आंतली ट्यूबहि हवी, कारण तारांचीं टोकें चाकाच्या कडेंतून आरपार गेलेलीं असतात. दुसरा विचार वेगाचा : ‘एच’ हें अक्षर ताशीं २१० किलोमीटरपर्यंतची, तर ‘व्ही’ हें २४० पर्यंतची हमी देतें. तिसरा विचार जोडीचा : पुढें रेडियल व मागें क्रॉसप्लाय असें कधींहि करूं नये. पुढचीं चाकें रस्ता धरून ठेवतात, मागचीं सरकतात, आणि गाडी गरकन फिरते.

चौथा विचार वयाचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. हौसेची गाडी वर्षाकाठीं थोडीच चालते. तिच्या टायरावरची नक्षी खोल राहते, पण रबर आंतून कडक होऊन तडकतें. ज्याची नक्षी शाबूत तो टायर निर्दोष, हा समज घातक आहे. २००० सालापासून टायराच्या भिंतीवर चार आंकडे छापलेले असतात; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ब्रिटननें २०२१ सालीं मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर घालण्यास बंदी केली, ती वयाचा हा धोका ओळखूनच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जी गाडी संग्रहालयांत उभीच राहावयाची, तिच्या पायांत तिच्या जन्मकाळचाच टायर असावा. जी रस्त्यावर धांवावयाची, तिला जुन्या मापाचा, जुन्या स्वभावाचा, पण ताज्या रबराचा टायर द्यावा. मिशेलिन व पिरेल्ली या कंपन्या असे जुन्या धर्तीचे टायर आज पुन्हां बनवीत असल्यानें अस्सलपणा व सुरक्षितता यांचा तंटा पुष्कळसा मिटला आहे. गाडीच्या कर्त्यानें तिला जी चाल दिली ती जपणें हेंच खरें जतन. चाळीस वर्षांचें तडकलेलें रबर जपण्यांत इतिहासाची सेवा नाहीं. रस्ता हा संग्रहालयाचा भाग नव्हे. त्यावर आपल्याखेरीज इतरांचीं मुलेंबाळेंहि चालत असतात.