दम कशाचा, फुफ्फुसाचा की हृदयाचा?

'दम' हा मूळचा फारसी शब्द. अर्थ श्वास. तो आपल्याकडे आला आणि मराठीत असा मुरला की 'दम धर', 'दम खा', 'दम लागला' म्हणताना तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'दमा' हा आजारही त्याच घराण्यातला. या शब्दामुळे एक घोटाळा मात्र होतो. माणसाला दम लागला की आपण थेट फुफ्फुसाकडे बोट दाखवतो.

माझ्या फुफीच्या बाबतीत हेच झालं. पाण्याची घागर घेऊन चार पायऱ्या चढली की ती भिंतीला टेकायची. रात्री आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, मग उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या झोपायची. सगळ्यांनी ठरवलं, दमा आहे. औषधंही दम्याचीच चालली. दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं की ते बरोबर यायचं आणि आम्ही निर्धास्त व्हायचो. दुसऱ्या बाळंतपणात ती फार खालावली. तेव्हा शहरात नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली आणि कळलं की हृदयाची एक झडप कधीची आकसलेली आहे. फार उशीर झाला होता. ती वाचली नाही. अल्लाह तिची मगफिरत करो.

नंतर मी यावर वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की दोष हृदयात की श्वासात, हा वाद शेकडो वर्षांचा आहे. त्यातलं एक प्रकरण तर आपल्याच जुन्या राज्याच्या राजधानीत घडलेलं आहे.

ग्रीक वैद्य गॅलेन याचं म्हणणं असं होतं की हृदयाच्या उजव्या भागातलं रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून झिरपून डाव्या भागात जातं. हजारेक वर्षं हे कुणी फारसं तपासलं नाही. इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्येही तेच आलं. इ.स. १२४२ मध्ये इब्न अल-नफीस या जेमतेम तिशीच्या हकिमाने 'अल-कानून'मधल्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं. शिक्षण दमास्कसच्या नूरी शफाखान्यात आणि हयात कैरोत गेलेला हा माणूस इब्न सीनांचा आदर करणारा होता. तरीही त्यांनी स्वच्छ लिहिलं की तो पडदा जाड आहे, त्यात छिद्रं नाहीत. रक्त उजवीकडून फुफ्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग हृदयाच्या डाव्या भागात येतं.

थोडक्यात, हृदयाच्या दोन भागांमधली वाट फुफ्फुसातून जाते. ही दोन शेजारची घरं नाहीत, एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

युरोपात हीच गोष्ट सर्व्हेटसने १५५३ मध्ये मांडली. रक्ताचं संपूर्ण अभिसरण हार्वेने १६२८ मध्ये सिद्ध केलं. इब्न अल-नफीस यांचं ते पान मात्र विस्मरणात गेलं होतं. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित वाचलं, तेव्हा कुठे ते जगासमोर आलं. आमच्या वालूरची चक्राकार बारव अशीच गाळ-कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी उपसली तेव्हा पायऱ्या दिसल्या. असून उपयोग नव्हता, उपसावं लागलं.

आता हैदराबाद. वालूर, परभणी, आपला सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते एडवर्ड लॉरी. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताना मधूनच माणसं दगावत. कारण काय? आधी हृदय थांबतं की श्वास? लॉरींचं ठाम मत होतं की श्वास थांबतो, म्हणून नाडी बघत बसू नका, श्वास बघा. १८८८ मध्ये पहिलं कमिशन बसलं, त्याने तेच सांगितलं. लंडनच्या 'लॅन्सेट'ला ते पटेना. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसे दिले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दंडाचा पट्टा तेव्हा नव्हता, तो रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. प्राण्याच्या धमनीत नळी घालून रक्तदाबाची रेघ कागदावर उमटवत. या दुसऱ्या कमिशननेही लॉरींचीच बाजू उचलली.

आणि ते चुकलं. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन ते थांबू शकतं. हैदराबादला मेहनत कमी पडली नव्हती, पैसाही नव्हता कमी पडला. उत्तर आधीच ठरलेलं होतं. एकाकडे बघायचं म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवली गेली.

आमच्या घरी दुसरं काय झालं होतं?

फुफीचा आजार लहानपणीच सुरू झाला असणार. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना एका विशिष्ट जंतूमुळे घसादुखी होते. नीट उपचार झाला नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे असे एकेक सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपेला मात्र व्रण राहतो. फुफ्फुसातून आलेलं रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जातं. त्यांच्यामधली झडप वर्षानुवर्षं आकसत जाते. रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मागे काय आहे? फुफ्फुस. तिथला दाब वाढतो, दम लागतो, खोकला येतो, कधी थुंकीत रक्त दिसतं. पुढे उजवी बाजूही थकते आणि पाय सुजतात. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, म्हणून लपलेला आजार नेमका तेव्हा उघडा पडतो. हा फुफ्फुसातला दाब दंडाच्या पट्ट्यावर दिसत नाही. आमचं निर्धास्त होणं चुकलं ते इथे.

दंडावर दिसणारा उच्च रक्तदाबही शेवटी याच वाटेला येतो. वर्षानुवर्षं जोर लावून हृदयाची डावी बाजू जाड आणि ताठ होते, आणि दाब पुन्हा मागे फुफ्फुसाकडे सरकतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा दम 'वयाचा' म्हणून सोडून देऊ नये.

यावर उपाय आहेत. १९२५ मध्ये लंडनच्या सुटार यांनी हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. १९८० च्या दशकात जपानच्या इनोऊ यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडण्याची रीत काढली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली देशी झडप १९९० पासून बसवली जाते. आणि संधिवाताचा ताप वेळीच ओळखला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झडप आणखी बिघडण्यापासून वाचवता येते.

आपल्याकडे इब्न अल-नफीस यांचं नाव मोबाईलवर अभिमानाने फिरतं. फिरू द्या. पण त्यांनी आपल्या उस्तादाचंही तपासून पाहिलं, तेवढं तरी आपण करावं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. संधिवाताने झालेला हृदयविकार त्यांच्या यादीत आहे. घसा दुखल्यावर पोराचे गुडघे सुजले, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल चोळत बसू नका. आणि घरातल्या बाईला पायऱ्या चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारा, 'फुफ्फुस पाहिलंत, आता हृदयही पाहता का?'

आम्ही हे विचारलं नव्हतं.