गावठाणाच्या नकाशाबाहेरची वस्ती

आपल्याकडे इतिहासाच्या साधनांची चिकित्सा पुष्कळ झाली. ताम्रपट, बखरी, पेशवे दप्तर यांतील लेखकाचा पक्षपात कसा ओळखावा हे आपण शिकलो. नकाशा मात्र या चिकित्सेतून सुटला. तो मोजणीचा कागद, आकड्यांचा मामला, त्यात जात कुठून येणार, अशी समजूत राहिली. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. मोजणी सुरू होण्याआधी काय मोजायचे हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि ते ठरवणारा माणूस समाजव्यवस्थेच्या बाहेर उभा नसतो. नकाशाने आपल्या वस्त्यांचे काय केले, आणि आज सामान्य माणसांनी मिळून काढलेल्या मुक्त नकाशाच्या रूपाने कोणती संधी पुढे आली आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. ती संधी आपण घेतली नाही तर जुनीच गोष्ट नव्या यंत्रावर पुन्हा घडेल, असे माझे म्हणणे आहे.

इंग्रजांनी १८०२ साली मद्रासजवळून त्रिकोणमितीच्या आधारे देशाची महामोजणी सुरू केली. तिचा पहिला प्रमुख विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. ही मोजणी साम्राज्याच्या गरजेची होती. परंतु आपल्या गावाचा जो नकाशा तलाठ्याच्या दप्तरात आला तो या मोजणीतून आला नाही. तो आला जमीन महसुलाच्या मोजणीतून. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या पद्धतीचा पाया घातला, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटी साखळीने शेत मोजायचे, एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची प्रत आण्यांत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधाला निशाणी मिळाली, खातेदाराला नाव मिळाले.

या सगळ्यात गावाची शीव कोण दाखवीत होते? महार दाखवीत होता. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जाई. कोणता दगड कोणत्या गावाचा, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, कोणत्या झाडापाशी हद्द वळते, हे सारे त्याला तोंडपाठ असे. सरकारी अंमलदार आला की त्याला वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे हेही त्याच्याच माथी होते. गावाचा नकाशा कागदावर येण्याआधी तो महाराच्या डोक्यात होता आणि त्याच्या पायांनी तो राखला होता. हे काम वतनाच्या नावाखाली त्याच्याकडून करून घेतले गेले. ते वतन म्हणजे गुलामीचा दोर आहे हे ओळखूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

आता तो कागद उघडून पाहावा. शेते आहेत, विहिरी आहेत, ओढे, रस्ते, देवस्थानाची इनाम जमीन आहे. मध्ये गावठाण आहे. बहुतेक गावांत त्याची नुसती बाहेरची रेघ. आतल्या घरांवर सारा नव्हता, म्हणून आतली घरे मोजण्याचे कारण नव्हते. तरीही गावठाणातल्या सवर्णाचे फारसे बिघडले नाही, कारण त्याचे नाव शेताच्या सर्व्हे नंबरावर होते. ज्याला शेतच नाही आणि ज्याचे घर गावाच्या कडेला, अनेक गावांत पूर्वेच्या अंगाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला होते, तो त्या कागदावर कुठेच उरला नाही. ज्याने शीव दाखवली त्याचे घर शिवेच्या आत की बाहेर, हे सांगायला कागद तयार नव्हता.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. घर कागदावर नसले की नळाची ओळ वस्तीच्या अलीकडे थांबते, रस्त्याचे डांबर वळणावर संपते, प्रेताची वाट कोणाच्या तरी बांधावर अडते. ‘तुमच्याकडे वाट आहे याला आधार काय?’ हा प्रश्न आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ऐकला आहे. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजण्याचे काम हाती घेतले. ते व्हायलाच हवे होते. पण ज्यांची वस्ती गावठाणाच्या रेघेबाहेर, गायरानावर उभी आहे, त्यांचा प्रश्न गावठाण मोजल्याने आपोआप सुटत नाही.

या पार्श्वभूमीवर एका वेगळ्या नकाशाचा विचार करू. २००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप नावाचा उपक्रम सुरू केला. इंग्लंडचा सरकारी नकाशा उत्तम होता, पण त्यातील माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि अटी पाळाव्या लागत. जनतेच्या पैशाने झालेली मोजणी जनतेलाच विकत का घ्यावी लागावी, असा हा प्रश्न होता. उत्तर सरळ होते: लोकांनी स्वतः चालावे, मोजावे, आणि सर्वांसाठी खुला नकाशा काढावा. हे शक्य झाले त्याला एक कारण घडले होते. उपग्रहावरून ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणेत अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि हातात मावणारे स्वस्त यंत्र काही मीटरच्या अंतराने ठिकाण सांगू लागले. ज्या कामाला पूर्वी साखळी, दुर्बीण आणि सरकारी हुकूम लागे, ते काम खिशातल्या यंत्राने होऊ लागले. पुढे २०१० साली उपग्रहाची छायाचित्रे आधार म्हणून वापरण्याची परवानगी एका मोठ्या कंपनीने दिली, आणि घरांचे आकार त्यावरून रेखाटता येऊ लागले.

या नकाशाला मालक नाही. कोणीही नाव नोंदवून त्यात बिंदू टाकू शकतो, रेघ ओढू शकतो. बिंदू म्हणजे हापसा, झाड, बसथांबा; रेघ म्हणजे वाट, ओढा; बंद रेघ म्हणजे घर, शाळा, तळे. प्रत्येकाला गुणधर्म लिहायचे: काय आहे, नाव काय, पाणी पिण्याचे आहे की नाही. कोणी केव्हा काय बदलले याची नोंद राहते. दुसऱ्याचा नकाशा उतरवून घ्यायचा नाही, आणि जे लिहिले ते जागेवर जाऊन कोणालाही पडताळता आले पाहिजे, हे त्याचे दोन मुख्य दंडक.

परंतु दार उघडे आहे एवढ्याने सगळे आत येत नाहीत. ज्याच्याकडे यंत्र, वेळ, इंग्रजी आणि वीज आहे तो आधी आपली गल्ली काढतो. परिणामी शहरातल्या सुखवस्तू भागातील लहानसहान दुकानेही नकाशावर दिसतात आणि झोपडपट्टीच्या जागी कोरा कागद राहतो. केनियातील नैरोबी शहरात किबेरा ही आफ्रिकेतील सर्वांत प्रसिद्ध झोपडपट्टी आहे. तिची लोकसंख्या दहा लाख असल्याचे जगभर छापून येत होते. २००९ च्या जनगणनेत ती सुमारे १ लाख ७० हजार भरली. इतकी चर्चा असूनही उपलब्ध नकाशांवर तिथे रिकामी जागाच होती. २००९ सालच्या अखेरीस तिथल्याच तरुण-तरुणींनी हातात यंत्रे घेऊन गल्ल्या पायी तुडवल्या आणि आपली वस्ती या मुक्त नकाशावर आणली. पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा कुठे आहेत हे त्यांनी नोंदवले. बाहेरच्यांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले होते. तिच्यातल्यांनी तिला मोजले ही नवी गोष्ट होती. आपल्या दलित साहित्याची सुरुवात याहून वेगळ्या कारणाने झाली का? आपल्याविषयी इतरांनी कणवेने लिहिलेले पुरेसे नव्हते, म्हणूनच आपण लिहू लागलो.

गेली काही वर्षे मी आणि आमच्या भागातील काही विद्यार्थी-विद्यार्थिनी सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्या गावाच्या ठिकाणी या नकाशावर मोठा रस्ता, एक देऊळ आणि शाळा एवढेच होते. आमची वस्ती, बुद्धविहार, समाजमंदिर, अंगणवाडी, दोन हापसे, ओढ्याकाठची दफनभूमी आणि तिथवर जाणारी पायवाट आम्ही घातली. मुलांना चावडीकडचे रस्ते पाठ होते. पाण्याच्या आणि जळणाच्या वाटा मुलींनाच ठाऊक होत्या. उन्हाळ्यात कोणता हापसा आटतो हे त्यांनीच सांगितले. वाटेविषयी शंका आली की आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारीत असू, आणि ज्यांच्या वडिलांनी मोजणीदाराला शीव दाखवली होती ते आता नातवंडांना वाट दाखवीत होते. या वेळी त्यांच्या डोक्यावर कोणाचे ओझे नव्हते.

खरा वाद झाला तो नावावरून. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगावच्या महारवाड्यांनी आपली नावे बदलली; बौद्धवाडा, भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे लोकांनी घेतली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे लोकांनी जे आधीच केले होते त्याला शासनाने चौसष्ट वर्षांनी मान्यता दिली. आता या नकाशाचा दंडक असा की जागेवर जे नाव चालते ते लिहावे. आमच्या वस्तीच्या कमानीवर एक नाव आहे. गावातली बरीच माणसे अजून दुसरेच नाव घेतात. जागेवरचे सत्य म्हणजे कोणाच्या तोंडचे सत्य? एका मुलाचे म्हणणे, मोजून पाहिले तर जुने नाव घेणारेच जास्त निघतील. दुसरीचे म्हणणे, ज्या घरात मी राहते त्याचे नाव शेजाऱ्यांच्या मतदानाने ठरत नाही.

येथे महाडचा इतिहास उपयोगी पडतो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर तळे सर्वांचे झाले. जागेवर ते नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि ओंजळभर पाणी प्याली, तेव्हा जागेवरचे सत्य बदलायला सुरुवात झाली. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साली लागला. जागेवरचे सत्य डोंगरासारखे आपोआप उभे नसते. ते माणसे घडवतात, म्हणून ते माणसांना बदलताही येते.

आम्ही शेवटी असे ठरवले: मुख्य नावाच्या जागी कमानीवरचे, वस्तीने स्वतः घेतलेले नाव. या नकाशात जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो. तो भरावा की कोरा ठेवावा यावर एकमत झाले नाही. जुने नाव पुसले तर अन्यायाचा पुरावाच पुसला जाईल, असे काहींना वाटते. माझे मत असे की तो पुरावा आपल्या आत्मकथनांत, आपल्या इतिहासग्रंथांत राहावा. पत्ता शोधत येणाऱ्या टपालवाल्याच्या किंवा रुग्णवाहिकेच्या चालकाच्या तोंडी तो देऊ नये. तूर्त तो रकाना कोरा आहे. हा निर्णय वस्तीने घेतला, दुसऱ्या कोणी नाही, याला महत्त्व आहे.

या नकाशाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. तो कायद्याचा पुरावा नाही. मालकीची हद्द तो ठरवीत नाही. सातबारा आणि मिळकत पत्रिका यांची लढाई तलाठी कार्यालयात आणि न्यायालयातच लढावी लागते. कोणीही रेघ ओढू शकतो तसा कोणीही ती पुसूही शकतो. म्हणून राखण करावी लागते. आणि जे आपल्याला दिसते ते आपल्या वैऱ्यालाही दिसते. म्हणून आम्ही कोणाच्याही घराला माणसाचे नाव लावत नाही, जात तर नाहीच. परंतु ग्रामपंचायतीत पाण्यासाठी अर्ज करताना हापशांची आणि घरांची जागा दाखवणारा छापील नकाशा सोबत जोडला, तेव्हा ‘तिकडे आहेच कोण?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. पाणी अजून आलेले नाही. प्रश्न मात्र बदलला आहे.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमावर कठोर टीका केली होती. ज्यांना ती टीका अतिरेकी वाटते त्यांनी आपल्या गावाचा जुना नकाशा काढून पाहावा आणि त्यात आपले कोण सापडते ते शोधावे. आपल्या तरुणांनी तर त्याहून पुढे जावे. हाती यंत्र आले आहे, नकाशा खुला आहे, देवनागरीत नाव लिहिता येते. आपल्या वस्तीची एक वाट, एक हापसा, एक विहार एवढ्यापासून आरंभ करावा. आजोबांनी दुसऱ्यांची शीव राखली. नातवांनी आता आपल्या घराची जागा लिहावी.