सात वर्षं झाली, आता पुरे!

पायऱ्या उतरताना भिंतीला चिकटून चाला. अल्जिअर्सच्या कसब्यात गोळीबार चालू आहे आणि समोर फ्रेंच नाहीत. १९६२चा ऑगस्ट सरत आलाय; स्वातंत्र्य मिळून दोन महिनेही झालेले नाहीत. एकीकडे आतल्या डोंगरांत लढलेले सैनिक, दुसरीकडे अहमद बेन बेला यांचे समर्थक. लोक ओरडताहेत, ‘सात वर्षं झाली, आता पुरे!’ तुम्हीही ओरडा. ऐकणार कोणी नाही. सप्टेंबरात हुआरी बुमेदियन यांची फौज शहरात शिरेल. फ्रेंचांनी सीमेवर ताणलेल्या विजेच्या तारांमुळे तिचा मोठा भाग ट्युनिशिया-मोरोक्कोतच अडकला होता, म्हणूनच ती शाबूत राहिली. आत लढून जे मेले, त्यांच्या नावावर राज्य केलं ते या फौजेनं. पुढच्या साऱ्या इतिहासाची गाठ मला इथेच बसलेली दिसते.

१९ जून १९६५. पहाटे रस्त्यांत रणगाडे. ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’च्या चित्रीकरणाची तयारी चालू असल्यानं अनेकांना ते सिनेमाचेच वाटतात. मग कळतं, बुमेदियननी राष्ट्राध्यक्ष बेन बेलांनाच उचललंय. १९७१मध्ये फ्रेंच तेल कंपन्यांचा ५१ टक्के हिस्सा सरकार घेतं. तेलाच्या पैशावर शाळा, कारखाने उभे राहतात, प्रश्न विचारायची सोय मात्र नसते. १९८६ला तेलाचे भाव कोसळतात. ऑक्टोबर १९८८मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर लष्कर गोळ्या चालवतं, शेकडो मरतात. त्यानंतर कुठे अनेक पक्षांना परवानगी मिळते. डिसेंबर १९९१च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडी १८८ जागा जिंकते, आणि जानेवारीत लष्कर दुसरी फेरीच रद्द करतं.

आता अन्नाबाच्या सभागृहात या. २९ जून १९९२. व्यासपीठावर ७३ वर्षांचे मोहम्मद बुदियाफ. १९५४मध्ये स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी टाकणाऱ्यांपैकी एक. बेन बेलांच्या राजवटीत अटक झाली, मग मोरोक्कोत निर्वासित. तिथे केनित्रात विटांचा कारखाना चालवत आयुष्य काढलं. सेनापतींना स्वच्छ नाव हवं होतं, म्हणून जानेवारीत त्यांना परत आणून राष्ट्रप्रमुख केलं. पण हा माणूस नावापुरता राहायला तयार नव्हता. भ्रष्टाचारावर जाहीर बोलू लागला. आत्ताही बोलतो आहे, दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू आहेत. बाजूला काही आवाज होतो, ते मान वळवतात. पडद्यामागून त्यांच्याच सुरक्षापथकातला सबलेफ्टनंट येतो आणि पाठीत गोळ्या झाडतो. मारेकऱ्याला शिक्षा झाली. तो एकटाच होता, यावर अल्जीरियात आजही फारच थोड्यांचा विश्वास बसतो.

पुढची दहा वर्षं मी तुम्हाला दाखवणार नाही. लष्कर आणि इस्लामी बंडखोरांच्या यादवीत गावंच्या गावं कापली गेली.

मार्च २०१९, शुक्रवार. अब्देलअझीझ बुतेफ्लिका २० वर्षं सत्तेत आहेत. आजारामुळे जेमतेम बोलू शकतात, तरी पाचव्यांदा उभे राहताहेत. अल्जिअर्सच्या गर्दीत जमीला बुहिरेद चालताहेत. १९५७मध्ये फ्रेंचांनी त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. आज त्या ८०च्या पुढे आहेत. २ एप्रिलला लष्करप्रमुखांच्या दबावाखाली बुतेफ्लिका राजीनामा देतात. पण पुढच्या शुक्रवारांनाही लोक येत राहतात आणि घोषणा देतात, ‘नागरी राज्य हवं, लष्करी नको!’