४४३ नाबाद: आवडत्या संघातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

'सर, मला जुन्या क्रिकेटची आवड आहे, त्यावर संशोधन होईल का?' होईल. पण आवड म्हणजे फक्त क्षेत्र झालं, प्रश्न अजून काढायचाय. तो कसा काढायचा ते माझ्या आवडत्या संघावरून सांगतो: १९४० च्या दशकातला महाराष्ट्र.

या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर. मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या तेव्हा वय होतं ४८! सांगलीच्या विजय हजारेंनी याच संघाकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. मग डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२, म्हणजे मागे टाकायला हव्यात फक्त दहा धावा. पण धावफलक ४ बाद ८२६ असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. सामना तिथेच संपला.

आता यातून प्रश्न काढू.

पहिला प्रश्न नावाचा. 'महाराष्ट्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १ मे १९६० चं राज्य येतं. पण हा संघ १९३४-३५ च्या पहिल्या रणजी हंगामापासून आहे, आणि मुंबई तेव्हाही वेगळी खेळायची, आजही खेळते. आपला नगर जिल्हा क्रिकेटच्या नकाशात महाराष्ट्र संघाकडे येतो. तरी श्रीरामपूरचा झहीर खान रणजी खेळला बडोदा आणि मुंबईकडून. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे मुंबईकडून. हजारेही पुढे बडोद्याला गेले. म्हणून 'जिल्ह्याने किती खेळाडू दिले?' हे मोजण्याआधी ठरवावं लागतं: जन्म धरायचा, सराव कुठे झाला ते धरायचं, की संघ? व्याख्या बदलली की आकडा बदलतो.

दुसरा प्रश्न मोजमापाचा, आणि इथे आम्हा विज्ञानवाल्यांना मजा येते. ४४३ ही निंबाळकरांची 'पूर्ण' खेळी नाही. ते बाद झालेच नाहीत, म्हणजे खेळी किमान ४४३ ची, एवढंच आपल्याला कळतं. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड निरीक्षण म्हणतात. औषधाच्या चाचणीत एखादा रुग्ण मध्येच यायचा बंद होतो, त्याचंही असंच असतं: शेवटच्या भेटीपर्यंत तो बरा होता, पुढचं माहीत नाही. अशा अर्धवट नोंदी टाकून न देता वापरायची कापलान-मायर पद्धत १९५८ सालची. क्रिकेटची सरासरी मात्र सरळ धावांना बाद होण्याच्या संख्येने भागते.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. नकार दिला, हे नोंदीत आहे. पण का दिला? 'विक्रम आपल्याविरुद्ध नोंदला जाऊ नये म्हणून', असं नेहमी सांगितलं जातं. ते पटतंही. पण धावफलक हेतू सांगत नाही. त्यासाठी त्या काळची वर्तमानपत्रं, पत्रं, आठवणी चाळाव्या लागतात, आणि कुणी, कधी, कुणाच्या बाजूने लिहिलंय हे तपासावं लागतं. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना हळहळ आपोआप येते. हळहळ असू द्या, पण तिला पुरावा समजू नका.

सरावासाठी मार्च १९४९ चा पुण्यातला मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना घ्या. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, नऊ शतकं, आणि मुंबई ३५४ धावांनी विजयी. कागदावर तीन रकाने आखा: धावफलकावरून काय कळतं, काय अनुमान काढता येतं, आणि कशासाठी दुसरं साधन शोधावं लागेल. तिसरा रकाना भरायला लागलात की प्रस्तावाची सुरुवात झाली समजा.