तळटीप : धर्मराजिका स्तूप, सारनाथ

१. सन १७९४ मध्ये काशीच्या बाबू जगतसिंहांच्या हुकुमावरून, जगतगंजच्या इमारतींस विटा मिळाव्यात म्हणून, हा स्तूप उकलला जात असता दगडी पेटीत हिरव्या संगमरवराचा जो करंडक निघाला, त्यातील अस्थी गंगार्पण झाल्या. बाहेरील पेटी मात्र जागीच पडून राहिली, ती १८३५ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला पुन्हा सापडली. (पुढे वरुणेवरील पुलापायी येथील मूर्तीही पात्रात लोटल्या गेल्या, हे त्याचेच कथन वाचताना मन विदीर्ण होते.) उत्खनित वस्तू स्थळाजवळच जतन व्हाव्यात, या स्तुत्य धोरणाने सारनाथचे संग्रहालय १९१० मध्ये सिद्ध झाले; १९०५ मध्ये सापडलेले अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष तेथेच आहे. ते पाहणाऱ्याने स्तूपाचे उरलेले वर्तुळाकार जोतेही अवश्य पाहावे. — संपादक