निळीचं कुळ

नीळ चादर धूत नाही. मळ काढायचं काम साबणाचं, सोड्याचं, आपटण्याचं आणि उन्हाचं. हे सगळं आटोपल्यावर शेवटच्या पाण्यात नीळ येते आणि शाबासकी घेऊन जाते.

पांढऱ्या सुती चादरी आणि उशांचे अभ्रे जुने होत जातात तसे पिवळे पडतात. कापूस मुळातच किंचित पिवळसर असतो. कारखान्यात त्याला पांढरा करतात, पण तो पांढरेपणा टिकत नाही. अभ्र्याच्या मधोमध जो चट्टा दिसतो तो डोक्याच्या तेलाचा. वरवरच्या धुण्यात राहून गेलेलं तेल हवा लागून आणखी पिवळं होतं. असं कापड प्रकाशातला निळा भाग गिळतं. नीळ त्यातला पिवळा-तांबडा भाग थोडा गिळते आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. म्हणजे नीळ दिलेली चादर आधीपेक्षा कमीच प्रकाश परतवते; मोजायला गेलं तर ती काकणभर मळकी झालेली असते. पण आपल्या डोळ्यांना निळसर झाक असलेला पांढरा हाच जास्त पांढरा वाटतो. परीटघडीच्या चादरीचा सगळा रुबाब डोळ्यांच्या या भाबडेपणावर उभा आहे.

पुडीतली ही निळी पूड चंपारणच्या शेतातल्या निळीची नव्हे. झाडाची नीळही एके काळी या कामाला वापरत, पण पुडीतल्या निळीचं कुळ खनिजाचं, आणि घराणं फार वरचं. अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरांत सर-ए-संगच्या खाणी आहेत. तिथला लाजवर्द दगड हजारो वर्षं जगभर जात होता. युरोपातले चित्रकार तो दळून, मळून, धुऊन त्यातून ‘अल्ट्रामरीन’ हा निळा रंग काढत. तो इतका महाग की बहुतेक वेळा मेरीमातेच्या झग्यासाठी राखून ठेवलेला. चादरीच्या बादलीत तो ओतायचा विचारही कुणाला सुचला नसता.

मग भट्ट्यांनी चुगली केली. सिसिलीत पालेर्मोजवळ चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर निळे थर जमतात, असं जर्मन कवी गटेने १७८७ मध्ये पाहिलं होतं. १८१४ मध्ये फ्रान्समध्ये सोड्याच्या भट्टीत असाच निळा गोळा सापडला. वोक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने तो तपासला, तर त्याची घडण लाजवर्दसारखी निघाली. जे भट्टीत चुकून होतं ते मुद्दाम का करू नये? १८२४ मध्ये पॅरिसच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं. अट एकच, रंग किलोला तीनशे फ्रँकच्या आत पडला पाहिजे. १८२८ मध्ये ते झाँ-बातिस्त गिमेने पटकावलं. त्याची बायको चित्रकार होती, तेव्हा अस्सल निळ्याचा भाव घरात ठाऊक असणार. त्याच वर्षी जर्मनीत ट्युबिंगनच्या ग्मेलिन या रसायनशास्त्रज्ञाने आपली कृती छापली आणि आधी कोण यावरून वाद झाला. गिमेने कृती गुपित ठेवली होती आणि ग्मेलिनने ती जगाला देऊन टाकली. माझं मत ग्मेलिनला, पण पैसा गिमेला मिळाला.

कृतीत दुर्मिळ असं काही नाही. चिनी माती, धुण्याचा सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र कुटून बंद भांड्यात सातआठशे अंशांवर तापवायचं, मग हवा देत सावकाश निववायचं. माल आधी हिरवट दिसतो आणि नंतर निळा होतो. रंग येतो तो गंधकाचा. मातीच्या स्फटिकांच्या बारीक पिंजऱ्यांत गंधकाचे तीन-तीन अणू अडकून बसतात.

चित्रकारांचा रंग धुण्याच्या बादलीत आला तो स्वभावामुळे. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळाही कपड्यांना देत. पण त्यात लोखंड असतं. कपड्यात साबण किंवा सोडा राहिला की हा रंग फुटतो आणि चादरीवर गंजाचे डाग सोडतो. अल्ट्रामरीन सोड्याला भीक घालत नाही. चुन्यालाही नाही, म्हणून तर घराला सफेदी करताना चुन्यात नीळ कालवतात. त्याचं वाकडं आंबटाशी. चादरीला नीळ जास्त झाली तर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ती उतरवतात, आणि तेव्हा कधी कधी कुजक्या अंड्यासारखा बारीक वास येतो. तो पिंजऱ्यातून सुटलेला गंधक.

इंग्लंडमध्ये हल शहरातल्या रेकिट कंपनीने १८५० च्या दशकात कपड्यांची नीळ बाजारात आणली, आणि साम्राज्य जिथे जिथे गेलं तिथे तिथे ती गेली. आपल्याकडच्या वाण्यांच्या फळीवर बसलेली रॉबिन ब्लू रेकिटचीच. जर्मनीत कार्ल लेव्हरकूस याचा निळीचा कारखाना होता. लेव्हरकूसेन शहराला नाव मिळालं ते त्याचं. गिमेचा मुलगा एमिल तर बापाच्या निळीच्या पैशावर १८७६ मध्ये जपान, चीन आणि भारत पाहायला निघाला आणि मूर्ती व ग्रंथ गोळा करून परतला. पॅरिसचं गिमे संग्रहालय, जिथे आज आशियातल्या देवदेवता काचेआड उभ्या आहेत, ते त्यातून झालं.

पूड नीळ पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगते. घरातल्या सगळ्या रीती या एका गोष्टीतून आल्या. पूड थेट बादलीत टाकायची नाही; फडक्यात पुरचुंडी बांधून ती पाण्यात हलवून पिळायची. ओंजळीत पाणी घेऊन पाहायचं, फिकं आकाशी दिसलं की पुरे. चादर आधी खळखळून विसळलेली आणि ओलीच हवी. कोरड्या कापडात नीळ जिथे पहिल्यांदा लागते तिथेच बसते. घडी पूर्ण मोडून चादर बुडवायची, दोन-चारदा वरखाली करायची आणि लगेच पिळायची. बादलीत तशीच ठेवून कुणी फोन घ्यायला गेलं, की तळाशी बसलेली नीळ चुण्यांमध्ये शिरते आणि वलणीवर नकाशा वाळत पडतो. दुसरी चादर घालताना पाणी पुन्हा ढवळायचं, हे निम्मे लोक विसरतात.

या ढवळाढवळीला कंटाळलेल्या घरांत १९८३ नंतर उजाला नावाची नवी नीळ शिरली. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या एम. पी. रामचंद्रन यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन ज्योती लॅबोरेटरीज काढली. त्यांची नीळ पातळ, जांभळट आणि पाण्यात पूर्ण विरघळणारी. सुरुवातीला बायका घरोघर फिरून ती विकत. थेंब मोजून टाकायचे, तळाशी काही बसत नाही, डाग पडत नाहीत. पुरचुंडी बांधायचं कसब एका पिढीत निरुपयोगी झालं, आणि त्याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

आता तर बाटलीही मागे पडते आहे, कारण तिचं काम धुण्याची पावडरच करू लागली. १९२९ मध्ये पॉल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतल्या एका द्रव्यात कापड बुडवलं आणि ते उजळलं. हे द्रव्य डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं. निळीने चादर थोडी काळवंडायची. इथे निळ्याची खरोखर भर पडते. पुढे त्याचे टिकाऊ कृत्रिम भाऊबंद तयार झाले आणि बहुतेक धुण्याच्या पावडरींत बसले. नवी पांढरी चादर दुकानातूनच ते अंगात मुरवून येते. जांभळ्या दिव्याखाली ती चमकते ती त्यामुळेच. उन्हाने आणि धुण्याने हे द्रव्य ओसरतं, खालचा पिवळेपणा दिसू लागतो, म्हणून पावडरीबरोबर दर धुण्याला नवा थर चढवायचा. तेलाचा चट्टा मात्र अभ्र्यावर तसाच असतो; तो जायला आजही गरम पाणी, साबण आणि चोळणारे हातच लागतात.