ओनील घराणे

ओनील घराणे : आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील एक इतिहासप्रसिद्ध राजघराणे व त्यावरून रूढ झालेले आडनाव. ‘ओ’ म्हणजे आयरिश भाषेत नातू वा वंशज. डब्लिनजवळ नॉर्स लोकांशी लढताना ९१९ मध्ये मारला गेलेला राजा नीअल ग्लूनडुव हा घराण्याचा मूळ पुरुष. पाचव्या शतकातील त्याचा पूर्वजही नीअल नावाचाच असल्याने या दोघांची पुष्कळदा गल्लत होते.

घराण्याच्या प्रमुखास नुसते ‘ओनील’ असे संबोधीत. हे संबोधन म्हणजे राजपदच होय. टलीहोग येथील दगडी आसनावर त्याचा अभिषेक होई. आठव्या हेन्रीने १५४२ मध्ये कॉन ओनील यास टिरोनचा अर्ल केले, ते या राजाला आपला सरदार करण्यासाठीच. कॉनचा पुत्र शेन (मृ. १५६७) याने मात्र ‘ओनील’ हेच पद मिरविले. पुढे १५६९ मध्ये आयरिश संसदेने ते रद्दबातल ठरविले.

घराण्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष ह्यू ओनील (सु. १५५०–२० जुलै १६१६). इंग्रजी वळणात वाढलेल्या व प्रारंभी इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या या अर्लने १५९५ मध्ये ते निषिद्ध पद धारण केले. यलो फोर्ड येथे त्याने इंग्रज सैन्याचा दारुण पराभव केला (१५९८). पण स्पॅनिश मदत उतरली ती दूर दक्षिणेस किन्सेलला. भर हिवाळ्यात तेथवर गेलेला ह्यू १६०१ मध्ये पराभूत झाला. पुढील वर्षी लॉर्ड माउंटजॉयने टलीहोगचे आसन फोडले. मेलिफाँट येथे ३० मार्च १६०३ रोजी ह्यूने शरणागती पतकरून ‘ओनील’ पद सोडले. राणी एलिझाबेथ सहा दिवसांपूर्वीच मरण पावली होती. माउंटजॉयने ती वार्ता त्याच्यापासून दडविली. सप्टेंबर १६०७ मध्ये ह्यूने देश सोडला व रोममध्ये त्याचा अंत झाला. जप्त झालेल्या जमिनींवर इंग्रज व स्कॉटिश प्रॉटेस्टंटांच्या वसाहती झाल्या. अल्स्टरमधील पुढच्या दुहीचे मूळ येथे आहे. ह्यूचा पुतण्या ओवेन रो (मृ. १६४९) याने बेनबर्बची लढाई जिंकली (१६४६), परंतु गेलेले राज्य परतले नाही.

उत्तर आयर्लंडचा पंतप्रधान टेरेन्स ओनील (१९६३–६९) हा पितृवंशाने चिचेस्टर घराण्यातील. त्याच्या पूर्वजाने १८५५ मध्ये मालमत्तेच्या वारशाबरोबर हे आडनाव घेतले. अल्स्टरमधील वसाहतींचा एक प्रमुख सूत्रधार सर आर्थर चिचेस्टर हाही त्याच घराण्यातील, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

हे आडनाव धारण करणारा प्रत्येक जण राजवंशीय नव्हे. स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत गेले. नोबेल पारितोषिकविजेता (१९३६) नाटककार यूजीन ओनील हा किलकेनीहून आलेल्या नटाचा पुत्र होता.